टोप्यांची हजेरी

बुडणारा माणूस ओरडत नाही. हातही हलवत नाही. त्याचं डोकं मात्र बराच वेळ पाण्यावर अगदी व्यवस्थित दिसत राहतं. म्हणून काठावर बसणाऱ्याने डोकी मोजू नयेत, हात मोजावेत.

हे मला वाल्डा ट्रँटरने सांगितलं, आणि मी ते हसण्यावारी नेलं. वाल्डा आमच्या मागच्या कुंपणापलीकडे एकटी राहते. वय ब्याऐंशी. आमच्या पोर्ट कॅलोवे गावच्या तीन पिढ्यांना तिने पोहायला शिकवलंय. पण मी पदवीधर आहे. टिली पोटात होती तेव्हाच मी बाल-जलसुरक्षेचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता, आणि त्याच्या चौथ्या धड्यात ‘दर तीस सेकंदांनी डोकी मोजा’ असं चौकटीत छापलेलं आहे. छापलेल्या चौकटीपुढे कुंपणापलीकडच्या बाईचं काय चालणार?

“मोज, पोरी, डोकी मोज,” वाल्डा म्हणाली होती. “जेट्टीपाशी ती लाल पिंपं तरंगतात ना, तीपण मोजून ये. एकही बुडत नाही.”

पाण्यात छातीपर्यंत उभं राहिलं की माणसाचं वजन एक तृतीयांश उरतं, गळ्यापर्यंत गेलं की जेमतेम दहावा हिस्सा. तेव्हा म्हाताऱ्या माणसांचा भार कोणावर पडू नये असं एखाद्या गावाला वाटत असेल, तर त्यांना गळ्यापर्यंत पाण्यात उभं करणं हा सर्वांत शास्त्रशुद्ध उपाय आहे. आमच्या नगरपालिकेने तो अकरा वर्षांपूर्वीच ओळखला आणि गरम पाण्याच्या तलावात ज्येष्ठांसाठी व्यायामाचा वर्ग सुरू केला. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात ते पावणेआठ.

या वर्गाचे अकरा फायदे प्रवेशदाराशी चौकटीत लावलेले आहेत. गुडघ्यांवर ताण येत नाही, हा पहिला. तोल सुधारतो, हा दुसरा. पडलं तरी लागत नाही, हा तिसरा (पाण्यात पडून हाड मोडल्याची अकरा वर्षांत एकही नोंद नाही, जमिनीवर पडल्याच्या नोंदी दुसऱ्या खात्याकडे असतात). सहावा फायदा, शांत झोप लागते. डेस हूलिहानला ती कधीकधी वर्गातच लागते. नवव्याप्रमाणे मन प्रसन्न राहतं. हे मोजायचं साधन अजून आलेलं नाही, पण प्रसन्नता एकसष्ट टक्क्यांनी वाढल्याचं अहवालात आहे. अकरावा फायदा असा, की नगरपालिकेने गरम केलेलं पाणी वाया जात नाही. तो ज्येष्ठांना नेमका कसा होतो हे आजवर कोणी विचारलेलं नाही.

मी हे सगळं इतक्या अधिकाराने सांगू शकते, कारण त्याच वेळेला, त्याच छताखाली, शेजारच्या उथळ तलावात टिलीचा वर्ग असतो. टिली तीन वर्षांची आहे. मी बाकावर बसते आणि दर तीस सेकंदांनी डोकी मोजते. टिलीच्या वर्गात सहाच मुलं आहेत, त्यामुळे मोजून झाल्यावर बावीस-तेवीस सेकंद उरतात. तेवढ्यात मी मोठ्या तलावातलीही मोजून घेते. माझा नवरा ब्रेट म्हणतो की हा आजार आहे. गॅस बंद केलाय का हे मी तीनदा बघते तेव्हाही तो हेच म्हणतो. आमच्या घराला अजून एकदाही आग लागलेली नाही, याचं श्रेय मात्र तो कोणाला देत नाही.

मोठ्या तलावाच्या तीन बाजूंना स्टीलचा कठडा आहे आणि त्याच्यावरच्या फरशांना एक ते एकोणीस असे आकडे आहेत. एका आकड्याला एक माणूस. पाच नंबरला डेस. तो गावच्या धान्याच्या कोठारावर एकेचाळीस वर्षं होता आणि पाण्यात उतरताना कानातलं यंत्र काढून ठेवतो, त्यामुळे वर्गात त्याच्याइतकं समाधानी कोणी नसतं. अकरा नंबरला स्टॅव्ह्रूला. तळलेल्या माशांचं दुकान तिने अडतीस वर्षं चालवलं, आणि आता तितक्याच तडफेने ती उरलेल्या अठरा जणांना चालवते. बारा नंबरला वाल्डा. आणि कोपऱ्यात, शिडीपाशी, एकोणीस नंबरला क्लॅरी मंट. तो पूर्वी बंदरात मोठी जहाजं आत आणायचा. क्लॅरी हा वर्गातला सर्वांत शिस्तीचा सदस्य. गेल्या तीन आठवड्यांत त्याने एकदाही तक्रार केलेली नव्हती, कोणाशी वाद घातला नव्हता, पाणी गार आहे असं म्हटलं नव्हतं. शिकवणारी नारेल त्याचं उदाहरण बाकीच्यांना द्यायची.

पूर्वी वर्गाची हजेरी नावं घेऊन व्हायची. ती पद्धत किती मागासलेली होती ते सांगायला हवं. नारेलने “डेस हूलिहान” म्हटलं की डेस “हजर” म्हणत नसे. तो रात्री पोटऱ्यांत किती गोळे आले ते सांगायचा. “स्टॅव्ह्रूला” म्हटलं की मुलाचा फोन आला की नाही, आला तर किती मिनिटं आणि सून मागून काय बोलत होती, हे सगळ्यांना कळायचं. एखादं नाव घेतल्यावर उत्तरच आलं नाही, तर सगळे माना वळवून एकमेकांना विचारत बसायचे आणि वर्ग सुटल्यावर तिघंचौघं ओल्या केसांनिशी त्या माणसाच्या दारात जाऊन उभी राहायची. तपासणीत असं आढळलं की पंचेचाळीस मिनिटांच्या वर्गात चौदा मिनिटं या प्रकारात जात होती. व्यायामाचा आणि त्या चौदा मिनिटांचा काहीही संबंध नव्हता. ती अकरांपैकी एकाही फायद्यात बसत नव्हती.

तेव्हा नगरपालिकेने प्रत्येकाला आकडा छापलेल्या दोन पिवळ्या रबरी टोप्या दिल्या (एक वापरात, एक राखीव) आणि टोप्या मोजण्याची पद्धत आणली. तिला चाळीस सेकंद लागतात. हजेरीपत्रकातल्या रकान्याचं नाव ‘पाण्यातील टोप्यांची संख्या’ असं आहे. नारेल तो इमानदारीने भरते. ती आयुष्यात कधी खोटं बोललेली नाही आणि रकाना तिला तशी वेळही येऊ देत नाही.

टोपीबरोबर प्रत्येकाला फोमची पाच फुटी दांडी मिळते, मनगटाएवढी जाड, आतून पोकळ. तिला नूडल म्हणतात. ती काखेखाली घेतली की माणूस तरंगतो. नियम चार सांगतो की माणसाविना आढळलेली नूडल जप्त करावी. नियम सहा सांगतो की लागोपाठ दोन वर्ग चुकले की जागा जाते, आणि तो सदस्य प्रतीक्षायादीच्या तळाला जातो. यादीत त्रेसष्ट नावं आहेत. (पैकी नऊ जण आता हयात नाहीत, पण नाव काढून टाकण्याचा लेखी अर्ज त्यांच्याकडून आलेला नाही.)

आता या गावात शेजारी कोणाची जागा अशी जाऊ देत नाहीत. कोणी नातवाच्या लग्नाला गेलं, कोणाला सर्दी झाली, की बाजूचा माणूस त्याची नूडल कठड्याच्या आणि भिंतीच्या फटीत उभी खोचतो आणि वरच्या टोकावर त्याची राखीव टोपी चढवतो. नूडल डुलते, टोपी डुलते, रकाना भरतो. नारेलला हे ठाऊक असतं. तिला टोप्यांबद्दलच विचारलेलं असल्यामुळे ती टोप्यांबद्दलच सांगते. ही रीत मला फार नंतर कळली. तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही माझ्यासारखे फसणार नाही.

एका सोमवारी मी मोजलं. एकोणीस. बारा नंबरच्या टोपीला मी हात केला. एरवी मी हात केला की वाल्डा तोंडात पाणी धरून आमच्या दिशेने चूळ उडवते, आणि टिली इतकी खिदळते की तिच्या शिक्षिकेला शिट्टी फुंकावी लागते. त्या दिवशी टोपी नुसती डुलली. वाल्डा रागावली असणार हे माझ्या लगेच लक्षात आलं. तिने भाजून दिलेल्या पाईची बशी माझ्याकडे दोन आठवडे पडून होती.

घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी तिच्या कपडे वाळत घालायच्या दांडीकडे पाहिलं. व्यायाम करून आली की आठ वाजता तिचा निळा पोहण्याचा पोशाख दांडीवर असतोच. नव्हता. मंगळवारीही नव्हता. मंगळवारी संध्याकाळी अख्ख्या गल्लीने कचऱ्याचे डबे रस्त्याच्या कडेला आणून ठेवले. वाल्डाचा डबा सगळ्यांत आधी येतो. तो आला नाही.

मी काळजी करणाऱ्यांतली आहे, पण बेशिस्त काळजी करत नाही. मी दोन्ही बाजू मांडल्या. एका बाजूला दिसत नसलेला पोशाख आणि दिसत नसलेला डबा, म्हणजे दोन्ही नकारात्मक आणि खासगी स्वरूपाचे पुरावे. दुसऱ्या बाजूला नगरपालिकेची अधिकृत हजेरी, एकोणिसापैकी एकोणीस, शंभर टक्के, माझ्या डोळ्यांनी पडताळलेली. शिवाय कोणाच्या दारात उगाच जाऊन उभं राहणं बरं दिसत नाही. आणि बशी अजून घासायची होती.

“जाऊन ये की,” ब्रेट म्हणाला.

“सोमवारी बघितलंय मी तिला. व्यायाम करत होती.”

“मग काय प्रश्नच मिटला,” तो म्हणाला आणि आमचा डबा बाहेर ठेवायला गेला.

बुधवारी पुन्हा एकोणीस टोप्या. इतकं हायसं वाटलं की मी पिशवीतून बशी काढून बघितली. घासली होती. वर्ग सुटला की देऊन टाकू.

टिलीने उथळ तलावातून मोठ्या तलावाकडे हात हलवला. बारा नंबरची टोपी डुलली. टिलीने पुन्हा हलवला. मग ती पायऱ्या चढून माझ्याकडे आली, थेंब गळत.

“आई, वाल्डाला हात नाहीत.”

“असं कोणाबद्दल बोलू नये. आहेत. पाण्याखाली आहेत.”

“मग वर कर म्हण ना तिला.”

तेवढ्यात नारेल कमरेवर हात ठेवून ओरडली, “चला, दोन्ही हात वर! छताला लावा! डेस, दोन्ही म्हटलं मी!”

मी मोजले. एकोणीस टोप्या होत्या. हातांच्या जोड्या सतरा भरल्या. वाफ फार होती, एखादी जोडी इकडेतिकडे व्हायचीच. पण बारा नंबरच्या टोपीला दोन्ही बाजूंना काहीच नव्हतं, हे वाफेतूनही दिसत होतं.

मी टिलीला उचललं आणि मोठ्या तलावाच्या काठावर, जिथे कोरड्या कपड्यांनी जायला मनाई आहे, तिथे गेले.

“स्टॅव्ह्रूला, वाल्डा कुठाय?”

“ही काय,” तिने हनुवटीने टोपी दाखवली. मग माझ्या तोंडाकडे पाहून आवाज खाली आणला. “बहिणीकडे गेलीय. हळू बोल बाई, नारेल ऐकेल.”

“नारेल ऐकतेय,” नारेल म्हणाली. “मी फक्त टोप्या मोजते. पाय सोडा, मोकळे सोडा, पाच, सहा...”

“बहिणीकडे गेली हे कोण म्हणालं?”

“डेस म्हणाला.”

डेसला दोनदा विचारावं लागलं. तिसऱ्यांदा टिलीने विचारलं तेव्हा ऐकू गेलं.

“मी? मी म्हटलं, गेली असेल कुठेतरी. बहिणीचं ही म्हणाली.”

“तुझं ऐकून म्हटलं मी, मेल्या!”

“माझं ऐकतेस कशाला? मी तरी ऐकतो का कोणाचं?”

वाल्डाची बहीण चार वर्षांपूर्वी वारली. अंत्यविधीनंतर माणसांसाठी तीन पराती मासे तळून दिले होते ते स्टॅव्ह्रूलानेच. ते मला आठवलं, आणि तिला माझ्याही आधी आठवलं. तिने पाण्यातच छातीवर क्रॉसची खूण केली. मग ती शिडीकडे चालायला लागली. पाण्यातून माणसाला किती हळू चालता येतं हे मला त्या दिवशी कळलं. (फायदा क्रमांक चार: पाण्याच्या विरोधामुळे स्नायू बळकट होतात.)

मी तिच्यासाठी थांबले नाही. टिलीला कमरेवर घेऊन धावत निघाले. सात मिनिटांचा रस्ता मी किती वेळात कापला याची नोंद नाही. पुढचं दार वाजवलं नाही. पुढच्या दाराने वाल्डाकडे फक्त पाहुणे आणि धर्मप्रचारक येतात. कुंपणाची फळी सरकवून मागे गेले. कपडे धुण्याच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं.

ती जमिनीवर होती. यंत्राच्या आणि हौदाच्या मधल्या जागेत, उजवा पाय जसा कधीच नसतो तसा वळलेला. गुंडाळलेला टॉवेल डोक्याखाली. अंगावर तो निळा पोशाख, वरून धुवायचे म्हणून काढलेले सगळे कपडे ओढून घेतलेले. ओठ पांढरे पडले होते. मी टिलीला खाली ठेवलं. मग त्या कपड्यांच्या ढिगातून एक हात बाहेर आला, वर गेला, आणि हलला.

“आलीस?” वाल्डा म्हणाली. तिचा आवाज नव्हता, नुसता श्वास होता. “टिलीला कोणाच्या भरवशावर सोडलंस?”

“इथेच आहे. ही काय.”

“मग ठीक.”

सोमवारी पहाटे पावणेसहाला, वर्गाची तयारी करताना टॉवेल घ्यायला ती त्या खोलीत गेली होती आणि तिथेच घसरली. म्हणजे पन्नास तास. हौदाचा नळ कित्येक महिने ठिबकत होता आणि त्याच्याखाली तिने आइस्क्रीमचा चार लिटरचा रिकामा डबा ठेवलेला होता. तो नळ दुरुस्त करून घे, पोर एखाद्या दिवशी घसरेल, असं मी तिला तीनदा बजावलं होतं. ते तिने हसण्यावारी नेलं. तोच डबा तिने टॉवेलचं टोक टाकून खाली ओढला होता. निम्मं सांडलं, निम्मं उरलं, ते दोन दिवस पुरवलं. आम्ही एकमेकींचं ऐकलं असतं तर काय काय झालं असतं, याचा हिशेब मी अजून लावतेय.

अँब्युलन्स येईपर्यंत तिने डोळे मिटू नयेत म्हणून मी बडबडत राहिले. “एवढा वेळ काय केलंस गं?”

“घोटे फिरवले. नारेलचे आकडे म्हणत.” ती थांबली. “आठच्या पुढे जातच नाही गं ती बाई. पुन्हा एकपासून. पन्नास तास आठपर्यंतच मोजलंय मी.”

स्टॅव्ह्रूला दारात पोहोचली तेव्हा तिच्या अंगावर ओला पोशाख, पायांत काही नाही आणि डोक्यावर अकरा नंबरची टोपी होती. ती खाली बसली, वाल्डाचं डोकं मांडीवर घेतलं आणि अडतीस वर्षांत दुकानात आलेल्या एकाही गिऱ्हाइकाला दिली नसेल अशी शिवी दिली. वाल्डाला, स्वतःला की टोपीला, ते कळलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं की खुब्याचं हाड मोडलंय, पण या वयात इतका वेळ पडून दुसऱ्या कोणाच्या पायांत रक्ताच्या गाठी झाल्या असत्या. घोटे फिरवले म्हणून वाचली. नगरपालिकेने याची तत्परतेने दखल घेतली. दोन दिवसांत प्रवेशदाराशी बारावा फायदा लागला: ‘वर्गात शिकवलेले व्यायाम घरीही, आडव्या स्थितीत, दीर्घकाळ करता येतात.’

चौकशीही झाली. तिचं पत्र मी जपून ठेवलंय, कारण इतकं निर्दोष लिखाण मी आमच्या विद्यापीठातही वाचलेलं नाही. ‘उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, श्रीमती ट्रँटर या सोमवारी व बुधवारी सकाळी सात ते पावणेआठ या वेळेत तलावात हजर असल्याची नोंद असून, नोंद तीन वेळा पडताळण्यात आलेली आहे. सबब, त्याच वेळेत त्या आपल्या राहत्या घरी पडलेल्या होत्या हे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही. तथापि त्यांच्या प्रकृतीस शुभेच्छा.’

दुसऱ्या परिच्छेदात असं होतं, की बारा नंबरच्या दोन्ही टोप्या पुरावा म्हणून जमा करून घेतल्यामुळे पुढच्या दोन वर्गांना त्या पाण्यात आढळल्या नाहीत, आणि नियम सहानुसार श्रीमती ट्रँटर यांचं नाव प्रतीक्षायादीत चौसष्टावं लागलं आहे. डॉक्टरांनी हाड जुळल्यावर करायचा एकच उपाय लिहून दिलाय. पाण्यातला व्यायाम.

आता ज्यांना इथे सुटल्यासारखं वाटलं असेल त्यांनी जरा थांबावं. मलाही वाटलं होतं. गुरुवारी रात्री टिलीला झोपवताना तिने विचारलं, “वाल्डाला हात होते ना?” मी म्हटलं, होते. आणि मग मी वजाबाकी केली.

एकोणीस टोप्या. सतरा जोड्या हात. एक वाल्डा.

दुसरी रिकामी टोपी कोणाची ते स्टॅव्ह्रूलाला ठाऊक होतं. शुक्रवारी सकाळी वर्ग सुरू व्हायच्या आधी मी आणि स्टॅव्ह्रूला क्लॅरी मंटच्या घरी गेलो. तिने पालकाची भाजी घालून पाई करून घेतली होती. रिकाम्या हाताने कोणाच्या वाईट बातमीला जायचं नसतं, असं तिचं म्हणणं. वाटेत ती चारदा म्हणाली की त्याचा मुलगा शहरात असतो, तिकडेच गेला असणार. चौथ्यांदा मी विचारलं, “कोण म्हणालं?” मग ती झपाझप चालायला लागली.

क्लॅरीची टोपी पहिल्यांदा लावली डेसने, एका दिवसापुरती, आणि नंतर ती कोणी लावली हे कोणालाच सांगता येईना. सवय झाली होती. आले की नूडल खोचायची, टोपी चढवायची, कोणीतरी “काय क्लॅरी, कसं काय?” म्हणायचं, कोणीतरी हसायचं, आणि वर्ग सुरू.

दार वाजवल्यावर बराच वेळ काही झालं नाही. स्टॅव्ह्रूलाने पाई माझ्या हातात दिली आणि दोन्ही मुठींनी वाजवायला सुरुवात केली.

“मोडाल,” आतून आवाज आला.

क्लॅरीने दार उघडलं. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली. पण उभा होता. आमच्याकडे पाहिलं, पाईकडे पाहिलं, आणि म्हणाला, “बावीस दिवस.”

“काय बावीस दिवस?”

“झाले. मी मोजतोय.”

“अरे, मग फोन करायचास ना, गाढवा!” स्टॅव्ह्रूला रडायच्या बेतात होती, त्यामुळे आणखीच ओरडत होती. “आजारी होतास? पडला होतास?”

“सर्दी होती. एक दिवस आलो नाही.” क्लॅरी चौकटीला टेकला. “दुसऱ्या वेळेला आलो होतो मी. टॉवेल घेऊन. काचेतून आत बघितलं, तर मी तिथे आधीच होतो.”

स्टॅव्ह्रूलाने मुठी खाली घेतल्या.

“चांगला व्यायाम चालला होता माझा,” तो म्हणाला. “नारेल म्हणत होती, क्लॅरीकडे बघा, कसा शिस्तीत आहे. सगळे हसत होते. मग म्हटलं, आता आत जाऊन काय करायचं? आलो परत.”

त्याने टॉवेल दाखवला. दाराच्या आत खुंटीला होता, तसाच गुंडाळलेला, कोरडा.

त्या दिवशी क्लॅरी आमच्याबरोबर वर्गाला आला. कोपऱ्यातल्या नूडलवरची टोपी त्याने स्वतः काढून डोक्यावर चढवली. त्या सकाळी तो दोनदा म्हणाला की पाणी गार आहे, आणि डेसशी भांडला. नारेलने मोजलं. वाल्डाची जागा मोकळी, म्हणून अठरा. टोप्या आल्यापासूनची ही सर्वांत वाईट हजेरी, असं तिमाही अहवालात नमूद आहे.

मी आता दर तीस सेकंदांनी मोजत नाही. दर सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी वर्ग सुटला की आम्ही तिघीचौघी ओल्या केसांनिशी यादी घेऊन निघतो. चौदा मिनिटं लागतात. कधी जास्त.

राहता राहिले तुम्ही. सतरा जोड्या, हे मी तुम्हाला स्पष्ट आकड्यात सांगितलं होतं. टोपी नूडलवर चढवतात हेही त्याआधी सांगितलं होतं. क्लॅरीने तीन आठवड्यांत चकार शब्द काढलेला नाही, हे तर अगदी सुरुवातीलाच. आणि तरी तुम्ही माझ्यामागे वाल्डाच्या घरी धावत आलात, तिचा हात हलला तसा सुस्कारा सोडलात, नगरपालिकेला हसलात. कोपऱ्याकडे वळून बघितलं नाहीत. मी दोष देत नाही. टोपी होती ना तिथे.

तुमच्याकडेही असेल. रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फुलांचं चित्र पाठवणारे कोणी काका. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर लागणारा दिवा. दारातून आत घेतली जाणारी दुधाची पिशवी. फोनवर “मी बरी आहे, तू जेवलास का” एवढंच म्हणणारी आई. हजेरी शंभर टक्के.

आत्ता तुमच्या डोक्यात एक नाव आलंय. त्यांची बशी तुमच्याकडे राहिली असेल तर तीही बरोबर घ्या, नसेल घासली तर तशीच घ्या. फोन करू नका. “बरी आहे” म्हणायला हात लागत नाहीत. जा, आणि पुढचं दार उघडलं नाही तर मागे जा. उघडलं की त्यांना म्हणा, दोन्ही हात वर करा बघू. हसतील. हसू देत. हात वर जाईपर्यंत तिथून हलू नका.